गोठ्यातली ताटली

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. हे कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. मी चौथीपर्यंत शिकले, तेही सलग नाही. दिवाळी झाली की आमची मेंढरं कोकणाच्या वाटेला लागायची आणि माझं दप्तर खुंटीवर राहायचं. चौथीनंतर ते खुंटीवरून खाली आलंच नाही. पुढं लग्न होऊन अंथुर्ण्याजवळच्या वस्तीवर आले, आणि लिहायचं काम उरलं ते डेअरीत सही करण्यापुरतं.

चार माणसांत मला बोलता येत नाही. बायका जमल्या की मी भिंतीला टेकून बसते आणि कुणी विचारलंच तर पदराआडून हं म्हणते. परवा शेजारच्या वस्तीवरची एक पोर पाण्याला आली होती. उन्हानं रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं आणि तिच्या अंगात स्वेटर. माझी कळशी भरून वाहायला लागली तरी माझं लक्ष नव्हतं. तिच्या आईला काहीतरी सांगायला हवं हे मला कळलं, आणि ते मला तोंडानं सांगता येणार नाही हेही कळलं. म्हणून आधी लिहून बघते. काय काय झालं ते माझं मलाच एकदा नीट लागू दे.

माझी मुलगी नववीत गेली तेव्हा अंगानं चांगली भरलेली होती. शेण काढायची, भाकरी थापायची आणि शाळेच्या संघातून कबड्डी खेळायची. तिला खेळताना मी एकदाच बघितलं, तेही शाळेच्या कुंपणाबाहेरून. चढाईला गेली की दोघीतिघींना ओढत रेघेपर्यंत यायची. माझ्या पोटची पोर एवढ्या मोठ्यानं दम घुमवते याचं मला नवल वाटलं होतं, आणि बरंही वाटलं होतं.

कबड्डीला वजनाचे गट असतात हे मला तेव्हा कळलं. तालुक्याच्या सामन्यांना तिचं वजन थोडं जास्त भरत होतं. खेळाच्या बाई म्हणाल्या, जरा कमी कर, म्हणजे गटात बसशील. बाईंना मी दोष देत नाही, सगळ्याच मुलींना त्या तसं सांगत आणि बाकीच्या मुली सामने झाल्यावर भजी खायला पळत. माझ्या पोरीनं संध्याकाळची भाकरी सोडली. सकाळी कालव्याच्या कडेनं पळायला लागली. गटात बसली, संघ जिंकला, गावात मुलींना पेढे वाटले. जो तो म्हणे, चवळीची शेंग झाली की पोरगी. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी नवरीवानी दिसतीया." तिनं हे सगळं ऐकून घेतलं, खाली मान घालून, आणि मला दिसलं की तिला ते गोड लागलं.

सामने संपले. तिचं काही थांबलं नाही.

रस्त्याला खताचं दुकान होतं, तिथं पोती मोजायचा काटा होता. एकदा मी युरियाला गेले तर दुकानदार म्हणाला, "वहिनी, तुमची पोरगी शाळेतनं येताना रोज काट्यावर चढतीया. बाजाराला न्यायची हाय का काय?" दुकानातले सगळे हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले. घरी येऊन मी तिला ते हसण्यावारी सांगितलं तर ती एवढी चिडली की तांब्या आपटला. पोर कधी चिडत नसे. वय आहे, म्हटलं.

मग दिवाळी आली. आमच्यात पहिल्या आंघोळीला आई सगळ्यांना तेल लावते. त्या साली ती म्हणाली, "माझं मी लावते." मी म्हटलं, "पाठीला हात पुरतोय का तुझा?" आणि धरून बसवली. पाठीवर तेलाचा हात फिरवला आणि माझा हात थांबला. आमचा बाप संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना एकेकीच्या पाठीवरून हात फिरवायचा. मणका बोटांना लागला की ते मेंढरू बाजूला काढायचा, त्याला वेगळा पाला. ते मला त्या मोरीत आठवलं. मी म्हटलं, "किती वाळलीस गं." ती म्हणाली, "अभ्यास हाय." आणि पाणी घेतलं अंगावर. कंदिलाच्या उजेडात तिच्या दंडावर मला बारीक लव दिसली, तान्ह्या पोराच्या कपाळावर असते तशी. हे दिसलं, आणि फराळाच्या धबडग्यात मागंही पडलं.

खरं तर त्या दिवाळीचा फराळ तिनंच केला. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, सगळं. मला चुलीपुढं बसू दिलं नाही. तळताना वास घेत बसायची आणि सगळ्यांना ताटल्या भरून द्यायची. "आजी, अजून एक घे." बापाला म्हणायची, "दादा, तुमी खाल्लंच न्हाय." सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या की आमच्या घरात लक्ष्मी हाय. एक करंजी तिनं स्वतःच्या तोंडात घातलेली मला आठवत नाही. पण तेव्हा मी काही बघतच नव्हते, कारण बघायची रीत नव्हती. आमच्या घरात आधी गडीमाणसं जेवत, मग सासूबाई, मग आम्ही दोघी. मी चुलीपाशी उकिडवी बसून उरलेलं खायची, कधी भाकरीवर कालवण ओतून उभ्या उभ्याच. ती म्हणायची, मी मघाशी खाल्लं. मग कोण कुणाचं ताट बघणार.

हिवाळ्यात ती शाल काढेना, भर दुपारच्या उन्हातही. चुलीला चिकटून बसायची. फणीत केसांचा गुंता यायचा. शाळेत एकदा चक्कर येऊन पडली तेव्हापासून बाईंनी खेळायचं बंद केलं, तर घरी येऊन ती दुप्पट काम करायला लागली. बसायचीच नाही. पाण्याच्या खेपा, शेणाच्या पाट्या, अंगण दोनदा झाडायचं. पोरगी कामाची आहे, असं मी पलीकडच्या वस्तीवरच्या जावांना सांगितलं. एवढं एक वाक्य मी चार बायकांत कौतुकानं बोलले असेन.

आता बाजूला बसायचं सांगते. आमच्यात तेव्हा बायकांनी दर महिन्याला बाजूला बसायचं, कशाला शिवायचं नाही. गोठ्याला लागून एक पडवी होती. तिथं एक वाकळ, तांब्या आणि जर्मलची एक ताटली असायची. जेवण वरून वाढायचं. पहिल्यांदा पोरगी तिथं बसली तेव्हा रडली होती, म्हशीचा वास येतो म्हणाली होती. त्या हिवाळ्यात मात्र ती आपणहून जायला लागली. शाळेतनं आली की दप्तर पडवीत. दिवस उलटले तरी उठायची नाही, विचारलं तर म्हणायची, "अजून हाय." मी ताटलीत भाकरी, कालवण वाढून कामाला निघून जायची. परत यावं तर ताटली घासून पालथी. मला वाटायचं, चला, तिथं तरी पोटभर जेवते.

म्हैस तुकतुकीत झाली होती. एकदा धार काढताना घरचे, म्हणजे माझे मालक, म्हणाले, "हिला काय घालतीस गं? मला पण घाल की तेच." मी म्हटलं, पेंडच घालते, दुसरं काय.

उन्हाळा लागताना एक दिवस पोरगी शाळेत गेली होती आणि मी पडवी सारवायला घेतली. तिथली ताटली उचलली, ती तांब्याला लागून वाजली. म्हशीनं वैरणीतनं तोंड वर काढलं, दाव्याला ओढ देऊन मान लांब केली आणि मला हाक मारल्यासारखी ओरडली. मी जागची हलले नाही. ताटली पुन्हा वाजवली. ती पुन्हा ओरडली, जीभ नाकपुडीत घालून. मी घरात गेले, भाकरी आणली, तिच्यावर कालवण घातलं आणि ताटली तिच्यापुढं धरली. एका झटक्यात तिनं भाकरी उचलली आणि ताटली चाटली. कालवणाची, मिठाची चव तिला माहीत होती. हे आजचं नव्हतं.

मी पडवीच्या उंबऱ्यावर बसले. आणि मग मला दुसरी गोष्ट सुचली. मी गोठ्याच्या मागं गेले. आमची फडकी तिथं, जुन्या लुगड्याखाली, तारेवर वाळत असत. माझी होती. तिचं तिथं काही नव्हतं. मागच्या महिन्यात होतं का, त्याच्या मागच्या? मी आठवत राहिले आणि मला एकही आठवेना.

पोरगी बाजूला बसत नव्हती, बसल्याचं दाखवत होती. जेवण तिला जात नव्हतं. या दोन गोष्टी एकापुढं एक ठेवल्या की कुठल्याही आईच्या मनात जे येईल तेच माझ्या मनात आलं. मला हिच्या वेळेला पहिले महिने अन्न बघवत नसे, तेच माझ्या डोळ्यांपुढं. कोण असेल, कुठला असेल, शाळेच्या वाटेवरचा असेल का, घरात कळलं तर हे कुऱ्हाड घेतील का विहीर दाखवतील. तिला विचारायचं धाडस मला झालं नाही. ती संध्याकाळी आली, मला चहा करून दिला, आणि मी तो तिच्याकडं न बघता प्यायले.

इंदापूरला दवाखाने होते, पण तिकडं आमचं सगळं गाव बाजाराला. म्हणून बारामती. घरी सांगितलं, वन्संना बघून येते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, जळोचीला राहायच्या. नवरा लवकर गेलेला, पदरात मूल नाही, दोन म्हशींवर बारामतीत दुधाचे रतीब घालून राहत होत्या. तोंड एवढं तिखट की गिऱ्हाईक दुधात पाणी आहे म्हणायला घाबरायचं. मीही घाबरायची. पण त्या गावात मला दुसरं कुणी नव्हतं.

एसटीत पोरगी खिडकीशी बसली. शेजारी बसल्यावर तिच्या कोपराचं हाड मला टोचत होतं.

वन्सं दारातच म्हणाल्या, "काय गं, पिशवी भरून आलीस ती? भाऊ माझा धड हाय न्हवं?"

"हायत," मी म्हटलं.

त्यांनी पोरीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिला म्हणाल्या, "जा, म्हशींना पाणी दाखव." ती गेल्यावर मला म्हणाल्या, "ही काय तऱ्हा केलीया पोरीची? खायाला घालत न्हाय व्हय?"

मी मनातलं सांगितलं. ते वाक्य मी आयुष्यात एकदाच तोंडातनं काढलं आणि ते इथं लिहीत नाही. वन्संनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "दवाखान्यात बाईमाणूस हाय. माझं दूध जातं तितं. चल. आणि भावाला कळता कामा नये."

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पोरीची नाडी बराच वेळ धरली. नखं बघितली, डोळ्यांखाली बघितलं, दंडावरची लव बघितली, वजन केलं. काट्यावर उभं राहताना पोरीचा चेहरा बदलला, ते मी पहिल्यांदा बघितलं. जणू परीक्षेचा निकाल.

"शेवटचं पोटभर कधी जेवलीस?" बाईंनी विचारलं.

"रोज जेवते की."

"काल काय खाल्लं?"

"भाकरी."

"किती?"

बाईंनी तिला नर्सबरोबर बाहेर पाठवलं आणि लघवी तपासली. थोड्या वेळानं मला म्हणाल्या, "तुम्ही जे मनात धरून आलात ते काही नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मला हसू आलं, आणि डोळ्यांना पाणीही. मी हात जोडले, म्हटलं, आता आमी जातो.

"बसा," बाई म्हणाल्या. "हसू नका. त्यापेक्षा हे बरं असं समजू नका. पोरगी उपाशी आहे. शरीरात काही उरलं नाही म्हणून पाळी बंद झालीय. नाडी किती हळू चाललीय तुम्हाला सांगून कळणार नाही. आज घरी नेलीत तर परत आणाल याची मला खात्री नाही."

मला राग आला. शरमेचा राग. मी म्हटलं, "बाई, घरात ज्वारी हाय, दूधदुभतं हाय. आमी काय पोरीला उपाशी ठेवू?"

"तुम्ही नाही ठेवलं. तिनं ठेवलंय."

"भूक न्हाय का तिला?"

"भूक आहे. खायची भीती वाटते तिला."

मला हे कळलं नाही. अजूनही सगळं कळलं असं म्हणत नाही. मेंढरांमागं हिंडताना आम्ही दोन-दोन दिवस कण्यांवर काढलेत. भाकरीची भीती वाटते हे माझ्या डोक्यात शिरायलाच जागा नव्हती. वन्सं दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, भीती वाटतीया तर काढा की मग. तुमी शिकलेल्या." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते माझंही काम नाही. पुण्याला मनाचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवावं लागेल. आधी ही जगू दे."

पोरीला ठेवून घेतलं. सलाईन लावलं. घरचे दुसऱ्या दिवशी आले आणि सगळं ऐकून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "माझ्या घरात पोरगी उपाशी," एवढंच ते म्हणत होते, "लोक काय म्हणतील, माझ्या घरात." सासूबाईंनी निरोप धाडला की बाहेरचं लागलंय, देवऋष्याकडं न्या. वन्सं भावाला म्हणाल्या, "आईला सांग, बाहेरचं न्हाय, घरातलंच हाय." त्यांनी ते कुणाला टोमणा म्हणून म्हटलं मला माहीत नाही, पण मला लागलं ते.

खाटेवर पडल्या पडल्या पोरगी माझ्याशी बोलत नव्हती. म्हशीचं मी तिला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तू ताटली वाजवलीस?"

"व्हय."

"ओरडली?"

"ओरडली. माझ्या अंगावर आली."

तिला हसू आलं आणि मग ती रडायला लागली. सलाईनचा हात तसाच ठेवून, आवाज न करता. म्हणाली, "आई, मला थांबता येईना. एकदा वजनात बसले ना, मग रोज वाटायचं आज चढलं असंल. भाकरी बघितली की छातीत धडधडायचं. तू वाढून जायचीस, मग म्हैस मागायची मान लांब करून. तिला तरी पाहिजे असायची."

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं थोडं खायला घाला, एकदम नाही. जेवली की कौतुक करू नका, नाही जेवली तर ओरडू नका, आणि शरीराबद्दल चांगलं वाईट काहीच बोलू नका. आणि तिला एकटीला जेवू देऊ नका. "तुम्ही तिच्याबरोबर बसा. तुमचंही ताट वाढून घ्या. तिच्याएवढंच, तिच्याच वेळेला."

मी मनात म्हटलं, हे कसं व्हायचं. दवाखान्याच्या पायरीवर पोरगी मला म्हणाली, "तू कशी बसशील? मी तुला कधी जेवताना बघितलंच न्हाय." हे ती उलटून बोलली नव्हती. खरंच होतं ते.

दवाखान्याचे आणि पुढं पुण्याच्या फेऱ्यांचे पैसे आमच्याकडं नव्हते. वन्संनी तिसरी म्हैस घ्यायला पैसे साठवले होते. फडक्यात बांधलेले ते त्यांनी माझ्या ओटीत टाकले. "म्हैस काय, पळून जात न्हाय. पुढं घेऊ. ही पळून चाललीया, हिला धर."

घरी परत आल्यावर पहिल्या दिवशी मी दोन ताटं वाढली आणि पोरीशेजारी बसले. सासूबाई अजून जेवल्या नव्हत्या. त्यांनी दारातनं बघितलं, म्हणाल्या, "आता सून आधी आणि सासू मागनं." माझा घास तोंडात फिरत राहिला. उठावं असं वाटलं. पोरगी माझ्याकडं बघत होती, मी उठले असते तर तीही उठली असती. मी खाली बघून चावत राहिले. दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःचं ताट घेऊन आमच्यापुढं येऊन बसल्या, रागानंच, आणि मग रोज तशाच बसायला लागल्या. पडवीतली वाकळ मी काढली. त्यावरनंही घरात पुष्कळ बोलणं झालं, ते मी भिंतीसारखं ऐकलं.

असं लिहिलं की वाटतं झालं सगळं. झालं नव्हतं. अर्ध्या भाकरीला तासभर लागायचा. भाकरी इतकी बारीक चुरायची की चिमण्यांना घालावी. दूध गार होऊन त्याच्यावर साय धरायची. कधी मी पाठ वळवली की तुकडा ओढणीत, कधी नुसतं रडणं, कधी "तूच खा, तुला लई आवडतं न्हवं," असं विषारी बोलणं. रानात खुरपं चालवताना मला झोप यायची. पुण्याचे डॉक्टर हळू बोलायचे, पोरीला आत घ्यायचे, मी बाहेर बाकावर बसून राहायची, आणि परतीच्या एसटीत आम्ही दोघी एक शब्द बोलत नसू. ऊस तुटायचा, पुन्हा फुटायचा, आणि माझं आपलं तेच, ताटाकडं न बघता ताट बघायचं.

एका पंचमीला आम्ही जळोचीला गेलो होतो. पोरीच्या गालावर जरा रंग आला होता. वन्संकडं शेजारणी बसलेल्या. एकीनं विचारलं, "तुमी तिसरी म्हैस घेणार होता, तिचं काय झालं?" वन्संनी पोरीच्या पाठीवर थाप मारली, म्हणाल्या, "ही काय, हीच माझी म्हैस." सगळ्या हसल्या. मायेनंच म्हणाल्या होत्या. पोरीच्या हातात दुधाचा पेला होता. तिनं तो खाली ठेवला, अगदी सावकाश.

पुढचे कितीतरी दिवस तिनं धड काही खाल्लं नाही. पुन्हा शाल अंगावर आली. मला वाटलं, आता मी दमले, आता माझ्याच्यानं होत नाही. मी तसं कुणाला म्हटलं नाही. एकटीच गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीला डोकं लावून उभी राहायची.

वन्संना कुणी कळवलं कोण जाणे. रतीब दुसऱ्या बाईवर टाकून त्या एसटीनं अंथुर्ण्याला आल्या. माफी वगैरे त्यांच्या तोंडात नव्हतीच. जेवायच्या वेळेला स्वतःचं ताट घेऊन पोरीसमोर बसल्या आणि तिच्याएवढेच बारीक तुकडे करून तिच्याएवढ्याच हळू खायला लागल्या. वन्संसारखी बाई, जिचं जेवण दोन घासांत व्हायचं. तास गेला. पोरगी म्हणाली, "आत्या, तुझं कालवण गार झालं."

"हूं दे," त्या म्हणाल्या. "मला कुठं गाडी धरायचीया."

पोरीनं एक तुकडा तोंडात घातला. वन्सं आठवडाभर राहिल्या, आणि त्या आठवड्यात एकदाही त्या कुणाला काही लावून बोलल्या नाहीत. त्यांना ते किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे.

तेव्हापासून आम्ही त्यांचे पैसे फेडत होतो. दुधाचा पगार झाला की पेंडीचे पैसे काढून उरलेल्यातलं थोडं बाजूला. कधी काहीच उरायचं नाही. वन्संनी मागितले नाहीत. दोनच म्हशींवर त्यांची वर्षं गेली, गुडघे गेले, तरी नाही. पोरगी दहावी झाली, मग एक साल घरात, मग शिवणाच्या वर्गाला जायला लागली आणि ब्लाऊज शिवून तिनंही त्यात भर घातली. तिची पाळी परत आली तेव्हा तिनं मला येऊन सांगितलं नाही. तारेवर दिसलं. मी वरचं जुनं लुगडं जरा बाजूला सारलं, उन्हात वाळू दे म्हणून.

ती बरी झाली का, असं विचारलं तर मी हो म्हणते. सणासुदीला, परीक्षेला, कुणी बघायला येणार असलं की ती अजून ताटाशी अडते. मग मी काही न बोलता शेजारी बसते. ताटली वाजली की अजून माझी मान वळते.

काल त्या स्वेटरवाल्या पोरीच्या आईकडं गेले. जाताना सगळं पाठ केलं होतं, तिच्यापुढं एकही वाक्य आठवलं नाही. तिनं विचारलं, "काय काम काढलंत, वहिनी?" मी म्हटलं, "तुमची पोरगी तुमच्यापुढं जेवते का?" ती हसली. "जेवत असंल की, मी कुठं बघायला असते." मी म्हटलं, "एक दिवस ताट घेऊन शेजारी बसा." एवढंच जमलं. आज पुन्हा जाईन.

गेल्या महिन्यात उरलेले पैसे घेऊन आम्ही दोघी जळोचीला गेलो. मी ओटीवर फडकं ठेवलं तर वन्संनी ते पायानंच सरकवलं. "आधी जेवण. पैशाला काय पंख फुटल्यात?"

आम्ही तिघी गोल करून बसलो. बाजरीची भाकरी होती आणि वांग्याचं भरीत. वन्सं कुणाच्या ताटाकडं बघत नव्हत्या, मीही नव्हते. दारातनं त्यांचं रेडकू दिसत होतं, मी त्याच्याकडं बघत होते. पोरगी शिवणाच्या वर्गातल्या कुठल्याशा बाईची नक्कल करत होती, बाह्या उलट्या लावल्या म्हणून कशी ओरडते ती, आणि बोलता बोलता खात होती. मी उठून ताटं उचलायला गेले तेव्हा तिच्या ताटात भाकरीचा एक तुकडा राहिला होता. तेवढाच. तो मी रेडकाला घातला.

निघताना पोरीनं फडकं उचललं आणि आत्याच्या हातात दिलं. वन्संनी ते मोजलं नाही, गाठही सोडली नाही, तसंच चोळीत ठेवलं.

"झाले का गं सगळे?" त्यांनी विचारलं.

"झाले, आत्या," पोरगी म्हणाली. "फिटले."